भाकिताची पत

शहागडला गोदावरी ओलांडून धुळ्याच्या वाटेने उत्तरेकडे निघाले की थोड्याच वेळात वडीगोद्री लागते, आणि त्याच परिसरात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याने भिजणाऱ्या ऊस-कापसाच्या शिवारात, अंबड तालुक्यातील मौजे अंतरवाली सराटी वसले आहे. महसुली दप्तर आणि पंचक्रोशीतल्या सोयऱ्याधायऱ्यांचे परस्परसंबंध एवढ्यापुरतेच ज्याचे नाव सामान्यतः उच्चारले जावे असे हे गाव २९ ऑगस्ट २०२३ रोजी मनोज जरांगे पाटील यांनी मराठा आरक्षणासाठी तेथे उपोषण आरंभिल्यामुळे, आणि त्याहूनही अधिक १ सप्टेंबरच्या लाठीमारामुळे, एकाएकी अवघ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाले. आणि तेव्हापासून छपरावर तबकडी बसविलेल्या दूरचित्रवाणीच्या गाड्या त्या गावच्या रस्त्यास इतक्या सरावल्या, की त्या आल्या म्हणून कोणी दारात येऊन पाहीनासे झाले. उपोषणाचा आणि आरक्षणाच्या प्रश्नाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे व पुढेही लिहितील. माझ्या कुतूहलाचा विषय निराळा आहे, आणि तो २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यातला आहे.

विधानसभेची निवडणूक जाहीर झालेली होती. २० ऑक्टोबरला जरांगे पाटलांनी याच गावातून सांगितले की, जेथे निवडून येण्याचा संभव आहे तेथे आपण उमेदवार उभे करू आणि राखीव मतदारसंघांत आपल्या विचाराशी जुळणाऱ्यास पाठिंबा देऊ. तूर्त इच्छुकांनी अर्ज भरून ठेवावेत, कोणी रिंगणात राहावयाचे व कोणी माघार घ्यावयाची ते मागाहून ठरेल. अर्ज भरण्याची मुदत २९ ऑक्टोबरला संपत होती आणि माघारीची ४ नोव्हेंबरला. या दोन तारखांच्या दरम्यान राज्याच्या कानाकोपऱ्यातून इच्छुकांची रीघ अंतरवालीस लागली. ३१ ऑक्टोबरला मराठा, मुस्लिम व दलित यांच्या एकजुटीची घोषणा झाली. आणि मुंबईच्या वातानुकूलित दालनांत बसलेल्या राजकीय विश्लेषकांनी कोणत्या जागा घेतल्या जातील, कोणास कौल मिळेल, कोणाची मते फुटतील, याच्या याद्या दिवसातून तीन-तीन वेळा दुरुस्त करून प्रेक्षकांपुढे मांडल्या. ४ नोव्हेंबरच्या सकाळी जरांगे पाटलांनी, एका जातीच्या बळावर निवडणूक लढविता येत नाही असे कारण देऊन, सर्वांनाच अर्ज मागे घ्यावयास सांगितले. पंधरा दिवसांच्या सगळ्या याद्या एका क्षणात निकालात निघाल्या. आणि मौज अशी की, त्याच दालनांतून त्याच मुखांनी त्याच दुपारी ही माघार कशी अटळ होती, हे तितक्याच ठाम स्वरात सांगावयास प्रारंभ केला.

याचा थोडा राग येतो हे खरे, पण रागाने इतिहास लिहिता येत नाही. उमेदवारांच्या निवडीचे भाकीत करणे हा काही आपणच शोधून काढलेला उद्योग नव्हे. अमेरिकेत त्यांच्या स्वतःच्या पद्धतीच्या फुटबॉलमध्ये, महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची व्यावसायिक संघांनी पाळीपाळीने निवड करण्याचा एक वार्षिक समारंभ असतो. त्यास ड्राफ्ट म्हणतात, आणि कोणता संघ कोणास उचलील हे महिनोन्‌महिने आधी सांगणारे विश्लेषक हा तेथील दूरचित्रवाणीचा एक प्रतिष्ठित पेशा आहे. त्यांचे किती ऐकावे हा तेथेही जुना वाद आहे. त्याकडे पुढे वळूच. परंतु अंबड तालुक्यात बसून विचार करणाऱ्यास हा प्रश्न दूरचित्रवाणीहून फार जुना दिसतो. गोदाकाठच्या या मुलखाने भाकीत सांगणारे अनेक प्रकारचे लोक पाहिले आहेत, आणि त्यांतील प्रत्येकास त्याने वेगवेगळ्या मापाने मोजले आहे.

पहिला मान अर्थातच जोशाचा. गावगाड्यात जोशी हा वतनदार होता. पाटील-कुलकर्ण्यांप्रमाणे त्याचाही हक्क वंशपरंपरेचा असे, आणि यजमानाने परस्पर दुसरा भटजी बोलाविला तर दक्षिणेच्या नुकसानीबद्दल गावजोशी दाद मागे, असले तंटे एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. सत्यशोधकांनी या हक्कावर कठोर प्रहार केले, आणि १९२६ साली मुंबई इलाख्यात कायद्याने त्याची नांगी मोडली. अंबड मात्र तेव्हा निजामाच्या अमलात औरंगाबाद जिल्ह्यात होते, आणि इलाख्याचा कायदा तेथे चालण्याचे कारण नव्हते. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी संपली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि जालना हा स्वतंत्र जिल्हा तर १ मे १९८१ रोजी निर्माण झाला. तोवर वतनेही गेली होती. परंतु वतन गेले तरी पाडव्याच्या सकाळचे पंचांगवाचन गेले नाही.

त्या वाचनात शेतकऱ्याचे सर्व लक्ष एका गोष्टीकडे असे, ती म्हणजे नक्षत्रांची वाहने. सूर्य ज्या नक्षत्रात प्रवेश करतो तेथून त्या वेळच्या चंद्रनक्षत्रापर्यंत मोजावयाचे, आलेल्या संख्येस नवांनी भागावयाचे, आणि बाकी उरेल तिच्यावरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव किंवा हत्ती यांपैकी एक वाहन ठरवावयाचे, एवढाच हा हिशेब आहे. बेडूक, म्हैस वा हत्ती आला की पाऊस भरपूर, गाढव, कोल्हा वा मेंढा आला की ओढ. या गणितात ढग, वारा, समुद्र यांपैकी कशाचाही संबंध येत नाही, आणि कोकणात व अंबडात मृगाचे वाहन एकच असते, हे आमच्या आजोबा-पणजोबांस दिसत नव्हते असे मानणे हा त्यांच्या बुद्धीचा अपमान होईल. त्यांना ते पुरते दिसत होते. शिवाय संवत्सरफलात खंडवृष्टी नावाची एक सोयीची पळवाटही ठेवलेली असे: काही प्रांती अतिवृष्टी, काही प्रांती खंडवृष्टी, असे सांगणारा मनुष्य चुकणार तरी कसा? तरीही जोशीबोवांची पत टिकली. ती त्यांच्या अचूकपणामुळे टिकली नाही, हे उघड आहे.

माझ्या मते ती टिकण्याचे कारण खळ्यावर सापडते. जोशाचे बलुते पिकातून निघे. ज्या साली त्याने हत्ती सांगितला आणि आभाळ कोरडे गेले, त्या साली रास लहान झाली आणि तिच्याबरोबर त्याचा वाटाही लहान झाला. त्यास दुसरीकडे जाण्याचीही सोय नव्हती. ज्याला मृगात भरपूर पाऊस सांगितला त्याच कुणब्याच्या दारी आश्विनात त्यास पंचांग काखोटीस मारून जावे लागे, आणि तो कुणबी काही न बोलता केवळ ज्या दृष्टीने पाहील ती दृष्टी सोसावी लागे. चूक झाली म्हणून वतन जात नसे, पण चूक लपतही नसे.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुतेदारांचा विचार एकीकडे आणि फिरस्त्यांचा विचार दुसरीकडे केला आहे, तो निष्कारण नव्हे. कारण भविष्य सांगणाऱ्यांची दुसरी जात ही फिरस्त्यांची. पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन येणारा पिंगळा, कुडबुडे वाजवीत येणारा जोशी, मान हलविणारा बैल घेऊन येणारा नंदीवाला, ही मंडळी सुगीच्या सुमारास येत, घरधनिणीस लेकीच्या लग्नाचे, मुलाच्या नोकरीचे, गेलेल्या जनावराचे सांगत, पसाभर धान्य घेत, आणि उन्हे चढण्यापूर्वी पुढच्या गावाला लागत. पिंगळ्याचे बोलणे जोशापेक्षा कितीतरी रसाळ आणि कितीतरी ठाम असे. त्यास पंचांगातल्या खंडवृष्टीची गरजच पडत नसे, कारण त्याचे भाकीत पडताळून पाहावयाची वेळ येईपर्यंत तो कोठल्या जिल्ह्यात असेल हे त्याचे त्यासच ठाऊक नसे. गावाने त्याचे ऐकले, त्यास धान्य दिले, त्याच्यावर प्रेमही केले. पण पेरणीचा दिवस पिंगळ्यास विचारून कोणी ठरविल्याचे ऐकिवात नाही.

या दोघांहून निराळा असा तिसरा भाकीतकर्ता जालना जिल्ह्यात आजही रोज पाहावयास मिळतो, आणि तो म्हणजे मोसंबीच्या बागा उक्त्या घेणारा व्यापारी. फळ झाडावर हिरवे असतानाच तो बागेत शिरतो. मालक बांधावर उभा असतो आणि हा गृहस्थ काही न बोलता ओळीने चालू लागतो; मधल्या ओळीतले एखादे झाड निवडून त्याची खालची फांदी वाकवितो, फळ मुठीत धरून त्याचा घेर अजमावितो, एका अंगाची फळे मोजून त्यांची मनाशी चौपट करतो, काठावरची झाडे भरलेली दिसली तरी त्यांकडे विशेष लक्ष देत नाही, कारण काठावर ऊन अधिक असते आणि मालकाने आपल्याला त्याच बाजूने आत आणलेले असते. मग बांधावर येऊन तो एक आकडा सांगतो. त्यावर घासाघीस होते, इसार दिला जातो, आणि त्या क्षणापासून गळ, कीड, गारपीट आणि बाजारभाव या चारही गोष्टी त्याच्या माथी येतात. अंदाज चुकला तर त्याचा स्वतःचा पैसा बुडतो. असा मनुष्य कधी छातीठोक बोलत नाही. बागेत शिरताना जो बडबड्या असतो तो बहुधा दलाल असतो, खरेदीदार नव्हे, असे जाणते बागायतदार सांगतात.

सरकारनेही या मुलखात भाकिताचा उद्योग केलाच. पूर्वी त्यास आणेवारी म्हणत, नाणी दशमान झाल्यावर पैसेवारी म्हणू लागले. खरिपाची नजर पैसेवारी सप्टेंबरअखेर, सुधारित ऑक्टोबरअखेर आणि अंतिम डिसेंबरात, असा तिचा क्रम आहे, आणि पन्नास पैशांच्या खाली गाव गेले की महसुलात सूट, कर्जाचे पुनर्गठन, विद्यार्थ्यांस परीक्षा शुल्काची माफी अशा सवलतींचा मार्ग मोकळा होतो. २०१६ च्या नव्या दुष्काळ नियमावलीने पैसेवारीचे महत्त्व कमी केले असले तरी गावकऱ्याच्या मनातून ती गेलेली नाही. नावाप्रमाणे ती नजरेने ठरते. आणि नजर कोणाची, हा तिच्यातील कळीचा प्रश्न. शेतकऱ्यास वाटते पंचेचाळीस निघावी, वरच्या कचेरीस वाटते पंचावन्न निघावी, आणि मधल्या तलाठ्याच्या कलमास दोन्हीकडून धक्का बसतो. सप्टेंबरात साठ दिसलेले पीक डिसेंबरात अठ्ठेचाळीसवर आले तर मधल्या काळात पावसाने दगा दिला की मोर्चाने काम केले, हे कागदावरून कळत नाही. पण एक गोष्ट या पद्धतीत चांगली आहे व ती सहजी नजरेत भरत नाही. पहिला अंदाज, दुरुस्त अंदाज आणि अंतिम आकडा हे तिन्ही लेखी असतात, एकाच दप्तरात असतात, आणि कोणालाही ते शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. हवामान खात्याविषयीही हेच म्हणता येईल. १८७५ साली ते स्थापन झाले, ४ जून १८८६ रोजी हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फाच्या आधारे मोसमी पावसाचे पहिले दीर्घ पल्ल्याचे अनुमान प्रसिद्ध केले, आणि शंभर वर्षांनंतर वसंत गोवारीकर यांच्या नावाने ओळखले जाणारे सोळा घटकांचे प्रतिमान १९८८ पासून वापरात आले. ते प्रतिमान २००२ च्या जुलैत साफ तोंडघशी पडले, तेव्हा खात्याने ते बदलले. बदलले, कारण आधी काय म्हटले होते ते छापलेले होते. २०१७ च्या जुलैत तर बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील शेतकरी पावसाचा अंदाज चुकला आणि पेरणी वाया गेली म्हणून हवामान खात्याविरुद्ध तक्रार घेऊन दिंद्रुडच्या पोलीस ठाण्यात गेले. त्या बातमीस शहरात पुष्कळ हसण्यात आले. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. गोदावरीच्या दक्षिणेकडील त्या लोकांनी खात्यास पिंगळा न मानता जोशी मानले होते.

बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळची घटमांडणी जोशी आणि पिंगळा या दोन्हींच्या मधली आहे. अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी गावाबाहेरच्या शेतात घट आखावयाचा, त्याच्या कडेने अठरा प्रकारची धान्ये मांडावयाची, मध्ये खड्डा करून पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे व त्यांवर पाण्याची घागर ठेवावयाची, वर पुरी, पापड, सांडई, कुरडई अशा खुणा आणि राजाची गादी म्हणून विड्याचे पान. रात्रभर तेथे कोणी थांबावयाचे नाही, आणि दुसऱ्या पहाटे जे हलले, सांडले, भिजले त्यावरून वर्षाचे भाकीत सांगावयाचे, अशी ही रीत वाघ घराण्यात चालत आली आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते तिच्यावर टीका करतात, ती योग्यच आहे; वाऱ्याने वा मुंगीने हललेल्या मुगावरून देशाच्या राज्यकर्त्याचे भवितव्य कळते, हे मानण्याचे मला तरी कारण दिसत नाही. परंतु तेच शेत, तेच घराणे, तीच तिथी, आणि ऐकावयास आलेल्या हजारोंपैकी कितीतरी लोक गेल्या वर्षीही आलेले, यामुळे त्या भाकितास एक स्मृती आहे. पूर्वी ती जळगाव जामोदच्या पंचक्रोशीत राही. वाहिन्यांचे कॅमेरे तेथे पोहोचल्यापासून तिचे आयुष्य एका संध्याकाळपुरते झाले आहे, हा माझा तक्रारवजा अभिप्राय.

आता अमेरिकेच्या त्या समारंभाकडे वळतो. बर्ट बेल नावाच्या संघमालकाच्या सूचनेवरून तो ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियात प्रथम भरला. आदल्या हंगामात जो संघ सर्वांत दुबळा ठरला त्यास पहिली पाळी, अशी त्यातील न्यायबुद्धी. खेळाडूंची नावे फळ्यावर लिहिलेली होती, आणि त्या काळी संघांपाशी टेहळणीची यंत्रणा जवळजवळ नसल्यामुळे मालक मंडळी वर्तमानपत्रे वाचून व मित्रांस विचारून निवड करीत. पहिल्या क्रमांकाने निवडला गेलेला जे बरवँगर तर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. त्याने नोकरी धरली. इतक्या रूक्ष बैठकीचे प्रक्षेपण करण्याची परवानगी १९८० साली ईएसपीएन या वाहिनीने मागितली तेव्हा, हे पाहणार कोण, असा प्रश्न खुद्द या संघांच्या महामंडळाच्या प्रमुखास पडला होता. पाहणारे निघाले. आणि पाहणाऱ्यांस समजावून सांगणारा पाहिजे म्हणून १९८४ पासून त्या पडद्यावर मेल कायपर हा तरुण आला, जो तत्पूर्वी बाल्टिमोरमध्ये घरबसल्या महाविद्यालयीन खेळाडूंची टिपणे छापून विकीत असे. तो स्वतः त्या दर्जाचे फुटबॉल खेळलेला नव्हता, कोणत्याही संघाचा नोकर नव्हता. शेकडो खेळाडूंची माहिती जिभेवर, आणि कोणासही न जुमानणारा स्वर, एवढीच त्याची पुंजी.

१९९४ साली इंडियानापोलिसच्या संघाने ट्रेंट डिल्फर या खेळाडूस सोडून ट्रेव्ह अल्बर्ट्स यास घेतले, तेव्हा कायपरने थेट प्रक्षेपणातच त्या संघावर कडक ताशेरे झाडले. आणि त्या संघाचे व्यवस्थापक बिल टोबिन यांनी त्याच प्रक्षेपणात, हा कायपर कोण लागून गेला, असे संतापाने विचारले. हा प्रश्न अमेरिकेच्या क्रीडाविश्वात अजून विसरलेला नाही. प्रश्न रास्त होता, पण त्याचे उत्तर काळाने टोबिनच्या बाजूने दिले नाही: अल्बर्ट्सची कारकीर्द दुखापतींमुळे तीन हंगामांत आटोपली, आणि डिल्फर पुढे बाल्टिमोरच्या विजेत्या संघात होता. याचा अर्थ कायपर सर्वज्ञ ठरतो असा मुळीच नाही. २०१० साली त्याने जिमी क्लॉसन या खेळाडूच्या यशावर आपल्या पेशाची पैज लावली, क्लॉसन अयशस्वी ठरला, आणि कायपर निवृत्त झाला नाही. २००० साली टॉम ब्रेडी १९९ व्या क्रमांकापर्यंत कोणासच नको होता. त्यात विश्लेषक चुकले तसेच सगळे संघही चुकले. २०२५ साली शेड्यूर सँडर्स यास कायपर अग्रभागी मानीत राहिला आणि तो १४४ व्या क्रमांकावर निवडला गेला.

मला या सर्वांत विचार करण्यासारखी वाटते ती माइक मेयॉक याची कथा. वर्षानुवर्षे तो महामंडळाच्या स्वतःच्या वाहिनीवर निवडीचे विश्लेषण करी, आणि अभ्यासाविषयी त्याचा लौकिक कायपरहूनही मोठा होता. २०१८ च्या अखेरीस एका संघाने त्यासच व्यवस्थापक नेमले. आमच्या भाषेत सांगावयाचे तर बांधावरून बोलणाऱ्या मनुष्यास इसार द्यावयास लावले. २०१९ साली त्याच्या संघाने चौथ्या क्रमांकाची मौल्यवान पाळी क्लेलिन फेरेल याच्यावर खर्च केली, आणि तो त्या किमतीस उतरला नाही. त्याच साली चौथ्या फेरीत, जेथे फारसे कोणी पाहत नाही तेथे, त्यांनी मॅक्स क्रॉसबी यास उचलले, आणि तो नामांकित खेळाडू झाला. तीन हंगामांनंतर, २०२२ च्या जानेवारीत, मेयॉकची नोकरी गेली. पडद्यावर असतानाच्या त्याच्या चुका कितीही असोत, त्यांपैकी एकीनेही त्याची नोकरी घेतली नव्हती.

आपल्याकडेही असला फुटबॉलचा समारंभ झालेला आहे, याची मराठी वाचकास क्वचितच आठवण असते. इंडियन सुपर लीगसाठी भारतीय खेळाडूंची निवड २३ जुलै २०१७ रोजी मुंबईत याच पद्धतीने झाली, आणि अनस एडाथोडिका व युजेनसन लिंगडोह यांचा मोबदला प्रत्येकी एक कोटी दहा लाख रुपये, म्हणजे सर्वांत मोठा होता. पैकी अनसला जमशेदपूरने घेतले आणि लिंगडोहला कोलकात्याने. मराठी वाहिन्यांवर त्यावर रात्री वाद रंगल्याचे मला आठवत नाही. आमच्या विश्लेषकांचा खरा खेळ निवडणूक.

तो खेळ मराठीत तसा अलीकडचा आहे. १९८० च्या दशकात प्रणॉय रॉय आणि त्यांचे सहकारी जनमताच्या नमुन्यावरून जागांचे अंदाज बांधू लागले, १९८९ साली दूरदर्शनवर मतमोजणीची रात्र जागून काढण्याची सवय देशास लागली. परंतु चोवीस तास बोलणाऱ्या मराठी वृत्तवाहिन्या २००७-०८ च्या सुमारास आल्या, आणि बोलावयास दिवस मिळाला की बोलणारे लागतातच. तेव्हापासून राजकीय विश्लेषक हे एक पद झाले आहे. त्यास वतन नाही, सनद नाही. पूर्वी एखाद्या दैनिकाचा संपादक वा निवृत्त प्राध्यापक असणे पुरे, आता तेही लागत नाही. यातले काही लोक खरोखर अभ्यासू आहेत, गावोगाव हिंडणारे आहेत, आणि त्यांच्यावर सरसकट ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. तथापि सर्वच प्रश्नांवर सर्वच संध्याकाळी बोलणारा मनुष्य अभ्यास कधी करतो, हे कोडे मला सुटलेले नाही.

२०२४ या एका वर्षात या पदाची दोनदा परीक्षा झाली. लोकसभेच्या निकालात महाराष्ट्रातील ४८ जागांपैकी महाविकास आघाडीस ३० मिळाल्या, ज्याचा अंदाज बहुतेकांस नव्हता. मराठवाड्यातील आठांपैकी सात जागा तिने घेतल्या, आणि जालन्यात रावसाहेब दानवे यांचा कल्याण काळे यांनी लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. लगेच सर्व पडद्यांवर अंतरवालीचे नाव कारण म्हणून झळकू लागले. त्यात तथ्य होतेच. पण जालना जिल्ह्यातील परतूर आणि घनसावंगी हे दोन विधानसभा मतदारसंघ जालना लोकसभेत नसून परभणीत मोडतात, हा साधा तपशील लक्षात न घेता जिल्हा आणि मतदारसंघ एकच समजून जी गणिते मांडली गेली, ती पाहून अंबडच्या तहसील कचेरीतला एखादा अव्वल कारकूनही चकित झाला असता. आणि एकदा हे कारण सापडल्यावर पुढले सहा महिने ते प्रत्येक भाकिताचे सूत्र झाले: लोकसभेत झाले तेच विधानसभेत होणार, प्रश्न फक्त किती जागांवर, एवढाच.

२० नोव्हेंबरला मतदान झाले, २३ ला मोजणी. २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांस मिळाल्या, मराठवाड्यातील ४६ पैकी ४०. ज्या जालना जिल्ह्यात सारे गणित मुरलेले मानले जात होते, त्यातील पाचही जागा महायुतीने जिंकल्या. अंबड तालुक्याचा काही भाग ज्यात येतो त्या घनसावंगीत दीर्घकाळ आमदार राहिलेले राजेश टोपे थोडक्या मतांनी पडले आणि हिकमत उढाण निवडून आले. जुलैपासून महिना दीड हजार रुपये देणारी लाडकी बहीण योजना हे आता सर्वांचे एकमुखी कारण झाले, जरी ती योजना ऑक्टोबरातही होती आणि तिचे हप्तेही ऑक्टोबरपूर्वीच बँकेत जमा झालेले होते. लोकसभेच्या वेळी, १ जूनला जाहीर केलेले आकडे ४ जूनला कोसळले तेव्हा, एका नामांकित सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख थेट प्रक्षेपणात रडले होते. त्या अश्रूंची पुष्कळ चेष्टा झाली. मला त्या गृहस्थाविषयी आदर वाटतो. त्याने आपला आकडा आधी लिहून दिला होता, आणि तो खोटा ठरल्यावर तो त्याच खुर्चीत बसून राहिला होता.

बाकीच्यांस बसून राहण्यास सवडच नव्हती. २३ नोव्हेंबरच्या संध्याकाळपर्यंत चर्चेचा विषय बदललेला होता. मुख्यमंत्री कोण होणार, कोणास कोणते खाते मिळणार, कोण रुसणार, याच्या याद्या सुरू झाल्या होत्या, आणि ५ डिसेंबरला शपथविधी होईपर्यंत त्या दिवसातून तीन-तीन वेळा दुरुस्त होत राहिल्या.